काचपात्रातील कातडीचे आयुष्य



वसंतातल्या संध्याकाळी वारा खात ऐकावयास बसलेल्या श्रोत्यांपुढे प्रयोगशाळेतल्या पेशींची हकीकत सांगावयाची, म्हणजे पंगतीत बसलेल्यांना जिलबीऐवजी काढा वाढण्यासारखे आहे, असे कोणास वाटले तर मी त्यांना दोष देणार नाही. परंतु आजचा विषय वागळे इस्टेटीस परका नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म याच वसाहतीत झाला. तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांनी येथे भट्टीपुढे, वाफेच्या नळांजवळ, रसायनांच्या पिंपांशेजारी पाळ्या केल्या. आता पुष्कळ जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत. तरी भाजणे म्हणजे काय, हे येथील जुन्या कामगारास समजावून सांगावे लागत नाही. स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या भगिनींना तर मुळीच नाही.

बोटाला चटका बसला तर आठ-पंधरा दिवसांत नवी कातडी येते आणि आपण तो विसरून जातो. पण अंगाचा मोठा भाग खोलवर भाजला म्हणजे गोष्ट निराळी होते. कातडी म्हणजे नुसते आवरण नव्हे. ती शरीराचा तट आहे. ती आतले पाणी आत ठेवते आणि बाहेरचे जंतू बाहेर थोपविते. तट पडला की पाणी पाझरून जाते, जंतू आत शिरतात, आणि पहिल्या धक्क्यातून वाचलेला रुग्ण पुढे जंतुदोषाने दगावतो. म्हणून शल्यवैद्य रुग्णाच्याच मांडीवरची पातळ कातडी काढून जखमेवर लावतात. दुसऱ्याची कातडी कायमची चिकटत नाही. शरीर ती परकी म्हणून काही आठवड्यांत टाकून देते. एकशे टक्क्यांपैकी वीस टक्के अंग भाजले असेल तर उरलेल्या ऐंशीतून उसनवारी करता येते. पण ऐंशी टक्के भाजले असेल तर घ्यावयाचे कोठून?

या प्रश्नाला विज्ञानाने दिलेले उत्तर ऐकावयास सोपे आहे. उरलेल्या चांगल्या कातडीचा टपाल तिकिटाएवढा तुकडा घ्यावा, त्यातील पेशी काचपात्रात वाढवाव्यात, आणि पुरेशी कातडी तयार झाली की ती रुग्णास परत द्यावी. उत्तर सोपे, पण वाटेत एक अडथळा उभा होता. काचपात्रात घातलेल्या त्वचापेशी काही काळ वाढत आणि मग थांबत. त्यांचे आयुष्य संपे. ते वाढवावयाचे कसे, आणि कितपत वाढवावयाचे, हा आपला आजचा विषय आहे.

प्रथम कातडीची रचना पाहू. तिचे दोन मुख्य थर आहेत. वरचा तो बाह्यत्वचा. तो कागदासारखा पातळ असतो. त्यात केराटिन नावाचे कठीण प्रथिन करणाऱ्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. आपली नखे आणि केस याच केराटिनाचे. खालचा जाड थर तो अंतस्त्वचा. त्यात तंतू विणणाऱ्या पेशी असतात. त्यांना आपण तंतुपेशी म्हणू. कातडीला बळकटी आणि लवचिकपणा येतो तो या तंतूंमुळे. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी दुभंगत राहतात. एकीच्या दोन होतात. काही तळाशी राहतात, काही वर सरकतात, कठीण होतात, मरतात आणि कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. सुमारे महिनाभरात ही सारी रचना बदलून जाते. आज आपण येथे ज्या कातडीनिशी बसलो आहोत, तिचा वरचा थर मागच्या अमावास्येला बहुतांशी अंगावर नव्हताच.

आता काचपात्राकडे वळू. कातडीचा तुकडा ट्रिप्सिन नावाच्या पाचक द्रव्यात ठेवला की पेशींचे एकमेकींना धरलेले हात सुटतात. त्या सुट्या पेशी सपाट पात्रात क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे घातलेल्या द्रवात सोडतात. हा द्रव बहुधा गुलाबी असतो. त्यातला रंग त्याचा आंबटपणा दाखवितो आणि द्रव खराब होऊ लागला की पिवळा पडतो. पात्र ३७ अंशांच्या उबेत ठेवतात. पेशी तळाला चिकटतात, पसरतात, दुभंगतात. पात्र भरले की त्यांतल्या थोड्या उचलून नव्या पात्रात घालतात.

हे वर्णन ऐकून गृहिणींना विरजणाची आठवण झाली असेल, आणि ती रास्त आहे. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधाला लावावा, आजच्याचा उद्याच्याला. सासूने दिलेले विरजण नातसुनेपर्यंत चालते. दह्यातले जंतू दुभंगून थकत नाहीत. मग माणसाच्या पेशींचे विरजणही असेच पिढ्यान्पिढ्या का चालू नये?

चालते, असेच शास्त्रज्ञ बरीच वर्षे मानीत होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यवैद्याने १९१२ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील पेशी पात्रात घातल्या. त्याच वर्षी त्यांना रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले होते, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होते. त्या पेशींचे संवर्धन कॅरेल यांच्या मृत्यूनंतरही चालू होते आणि १९४६ साली ते बंद करण्यात आले. चौतीस वर्षे कोंबडीचे हृदय जिवंत आहे, अशी वार्ता जगभर पसरली. पेशी मूळची अमर आहे, मरण येते ते शरीराला, असा सिद्धान्त त्यावर उभारला गेला.

१९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी तो सिद्धान्त खाली आणला. मानवी भ्रूणाच्या तंतुपेशी त्यांनी पात्रामागून पात्रांत वाढविल्या. साधारण पन्नास दुपटींच्या आसपास पेशी मंदावत आणि मग दुभंगणे सोडून देत. त्या लगेच मरत नसत. पात्राच्या तळाशी फुगून, पसरून बसून राहत. घरातल्या वृद्धासारख्या म्हणाना! यावर कोणी म्हणेल, की अन्नद्रवच वाईट असेल. ही शंका फेडण्यासाठी त्यांनी एक सुरेख प्रयोग केला. पुष्कळ दुपटी झालेल्या पुरुष-पेशी आणि थोड्याच दुपटी झालेल्या स्त्री-पेशी एकाच पात्रात एकत्र वाढविल्या. गुणसूत्रांवरून दोन्ही ओळखता येतात. काही काळाने पात्रात स्त्री-पेशीच दुभंगताना दिसल्या. द्रव एक, ऊब एक, पात्र एक; तरी जुन्या थांबल्या आणि तरुण चालत राहिल्या. म्हणजे मोजमाप पेशीच्या आत होते. पेशी काही दुपटींनंतर गोठवून ठेवल्या आणि पुढे वितळविल्या, तरी राहिलेल्या दुपटी तेवढ्याच करीत. झोपेतही हिशेब विसरत नसत. कॅरेल यांच्या पात्रात काय घडले असावे? तेथे अन्न म्हणून कोंबडीच्या भ्रूणाचा अर्क घालीत. त्यातून ताज्या पेशीच वारंवार पात्रात पडत असाव्यात, असे पुढे मानले गेले.

पन्नास दुपटी म्हणजे थोडे, असे मात्र समजू नका. एकीच्या दोन, दोनच्या चार, असे पन्नास वेळा केले तर अकराशे लाख कोटींहून अधिक पेशी होतात. एका माणसाच्या शरीरातील पेशींची संख्या सुमारे सदतीस लाख कोटी धरतात. निसर्गाने हात आखडता घेतलेला नाही, फक्त खात्यावर मर्यादा घातली आहे. ती का घातली, हे समजण्यासाठी आपल्याच माणसांकडे वळले पाहिजे.

पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमल समर्थ यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलगी हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये गेली, वनस्पतिशास्त्राकडे वळली, आणि पदव्युत्तर अभ्यासासाठी तिने विषय निवडला तो सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा. विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी कर्करोगावर डॉक्टरेट मिळविली आणि पेशीसंवर्धनाची विद्या शिकण्यासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

ही प्रयोगशाळा साधी नव्हे. १९५१ साली याच ठिकाणी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी पात्रात घालण्यात आल्या. बाई त्याच वर्षी ऑक्टोबरात वारल्या. पेशी मात्र वाढतच राहिल्या. आजही त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत आणि त्यांना बाईंच्या नावावरून ‘हेला’ म्हणतात. माणसाच्या पेशींचे कधीही न संपणारे पहिले विरजण हेच. पोलिओच्या लशीच्या तपासणीपासून अनेक कामांत त्यांचा उपयोग झाला. पण त्या घेताना त्या स्त्रीला वा तिच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते. मुलाबाळांना कितीतरी वर्षे त्याचा पत्ताही नव्हता.

गाय यांच्याकडची विद्या घेऊन रणदिवेबाई मुंबईस परतल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात खानोलकरांच्या छत्राखाली त्यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्या संस्थेचे आजचे रूप टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधनसंस्थेत पाहावयास मिळते. १९८२ साली बाईंना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या. मुंबई आणि पुणे येथील ज्या अनेक प्रयोगशाळांत आज मानवी पेशी वाढविल्या जातात, त्यांच्या वाटेची पहिली पावले या बाईंची आहेत.

मी ही हकीकत अभिमानापोटी सांगितली हे खरे, पण केवळ त्यासाठी नव्हे. पेशीसंवर्धनाची विद्या आपल्याकडे कर्करोगाच्या दारातून आली, यात एक अर्थ आहे. काचपात्रात न थांबता वाढणाऱ्या मानवी पेशी पहिल्याने सापडल्या त्या रोगी पेशी होत्या. निरोगी पेशी थांबते. न थांबणारी ती कर्करोगाची. म्हणजे ज्याला आपण पेशीचे म्हातारपण म्हणतो, तो बऱ्याच अंशी शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी घातलेला लगाम आहे. एखादी पेशी बिघडली आणि उधळली, तरी तिच्या दुपटी संपल्या की ती थांबावी, अशी ही योजना आहे. हे मनात ठेवले म्हणजे त्वचापेशींचे आयुष्य वाढविण्याच्या पुढच्या सगळ्या युक्त्या नीट तोलता येतात.

लगाम नेमका कोठे आहे? तो गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. एखादी जुनी पोथी डोळ्यांसमोर आणा. तिच्या आरंभी आणि अखेरीस कोरी पाने असतात. हात लागून लागून झिजतात ती हीच पाने. मजकूर आत सुरक्षित राहतो. आता अशी कल्पना करा, की प्रत नकलणाऱ्या लेखनिकाला दर खेपेस शेवटच्या पानाचा थोडा भाग सोडावाच लागतो. पहिल्या काही प्रतींत काही बिघडत नाही, कारण सुटते ते कोरे पान. पण प्रतीवरून प्रत करीत गेले तर एक दिवस कोरी पाने संपतील आणि मजकुराला धक्का लागेल. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते तेव्हा नेमके असेच घडते. गुणसूत्राच्या टोकाशी टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरे हजारो वेळा जपमाळेसारखी येतात. या टोकाला टेलोमिअर म्हणतात. दर दुपटीत ते थोडे आखडते. फारच आखडले की पेशी ओळखते, की आता मजकुराला धोका आहे, आणि दुभंगणे थांबविते. तंतुपेशींची टोके पात्रात अशी आखडत जातात हे १९९० साली दाखविण्यात आले.

मग पिढ्यान्पिढ्या जीव टिकतात कसे? एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांनी तळ्यातल्या एका सूक्ष्म एकपेशी जीवात त्याचे उत्तर शोधले. १९८४ सालच्या नाताळच्या दिवशी, सारे गाव सण करीत असता, ग्रायडर यांना प्रयोगशाळेत कोरी पाने पुन्हा जोडणारे एक विकर, म्हणजे एंझाइम, असल्याची खूण दिसली. त्याला टेलोमरेझ म्हणतात. जॅक शोस्टाक यांच्यासह या दोघींना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे विकर बीजपेशींत काम करीत असते. म्हणून आईबापांचे वय मुलाच्या पेशींना लागत नाही. आपल्या बहुतेक साध्या पेशींत ते निजलेले असते. आणि दहांतील आठ-नऊ कर्करोगांत ते जागे झालेले आढळते. पाहा, पुन्हा आपण त्याच दाराशी आलो!

आता आयुष्य वाढविण्याच्या युक्त्या पाहू. त्या दोन जातींच्या आहेत. पहिल्या जातीत पेशीची निगा सुधारतात. दुसऱ्या जातीत लगामाला हात घालतात.

पहिल्या जातीचा मोठा मान हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे सहकारी जेम्स राइनवाल्ड यांचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे काम करीत असता १९७५ साली त्यांच्या ध्यानात आले, की बाह्यत्वचेच्या पेशी एकट्या वाढत नाहीत. त्यांना शेजार लागतो. त्यांनी उंदराच्या तंतुपेशी क्ष-किरणांसारख्या किरणांनी अशा बेताने मारल्या, की त्या दुभंगू शकत नव्हत्या पण पोषक द्रव्ये स्रवत होत्या. या दायांच्या पंक्तीवर माणसाच्या त्वचापेशी ठेवल्या, आणि त्या वसाहती करून वाढू लागल्या. १९७७ साली त्यांनी द्रवात एक वाढ-द्रव्य घातले. हे प्रथिन शरीरातच तयार होते आणि बाह्यत्वचेला वाढीचा निरोप देते. एवढ्या फरकाने त्या पेशींचे पात्रातील आयुष्य सुमारे पन्नास पिढ्यांवरून दीडशे पिढ्यांवर गेले. पुढे पटकीच्या जंतूचे विष अत्यल्प प्रमाणात घातल्यासही वाढ सुधारते असे आढळले. पटकीने गावे ओस पाडली. तिच्या विषाचा एक कण आता कातडी वाढविण्याच्या कामी लागला.

या आकड्यांनी एक धडा शिकविला. आपण ज्याला पेशीचे वार्धक्य समजत होतो, त्यात बराच भाग आपल्या हयगयीचा होता. उपासमार आणि एकटेपण यांनी पेशी अकाली थकत होत्या. मर्यादा खरी आहे; पण तिच्या अलीकडेच पेशीला मारणारी गैरनिगा दूर करता येते, आणि तसे करण्यात शरीराच्या नियमाचा भंग नाही.

दुसरा धडा १९८७ साली मिळाला. ग्रीन आणि यान बारांदों यांनी एकेक पेशी सुटी करून तिची वसाहत पाहिली. सगळ्या सारख्या नव्हत्या. काहींपासून प्रचंड, दीर्घकाळ टिकणारी प्रजा होई. काहींची प्रजा थोड्या दुपटींतच संपे. पहिल्या त्या मूळपेशी, दुसऱ्या संसार आटोपत आलेल्या. बी-बियाण्याच्या कोठीत भरलेला दाणा आणि पोचा दाणा एकत्र असावा, तसे हे आहे. पेरणाऱ्याने भरलेला दाणा जपावा.

हे जपणे इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर रुग्णशय्येपाशी मिळते. हिशेब केला तर एक चौरस सेंटिमीटरची एक चौरस मीटर कातडी होण्यास दहा हजार पट वाढ लागते. म्हणजे चौदा दुपटींच्या आतच काम होते. मग दीडशे पिढ्यांचा हव्यास कशाला? कारण कातडी रुग्णास दिली की काम संपत नाही, तेथे ते सुरू होते. ती त्याच्या अंगावर दर महिन्याला नवी होत पुढची पन्नास-साठ वर्षे टिकावयाची असते. पात्रात खर्च झालेले आयुष्य अंगावर परत मिळत नाही. वाईट निगेत मूळपेशी संपल्या, तर चादर सुरेख दिसेल, चिकटेलही. आणि काही महिन्यांनी जागोजाग गळून पडेल. म्हणून संवर्धकाने काटकसरी कारभाऱ्यासारखे वागावयाचे असते. वाढवावयाचे, पण मुद्दल न मोडता.

या कारभाराची कसोटी १९८३ साली लागली. अमेरिकेतील दोन लहान भाऊ, एक पाच वर्षांचा आणि एक सहा, पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक भाजले. बॉस्टनच्या रुग्णालयात त्यांच्या उरलेल्या कातडीच्या लहानशा तुकड्यापासून ग्रीन यांच्या पद्धतीने चादरी वाढविण्यात आल्या आणि त्यांनी दोघांचे जवळजवळ अर्धे अंग झाकण्यात आले. दोघेही वाचले. २०१५ साली जर्मनीत बोखुम येथे सात वर्षांचा एक निर्वासित सीरियन मुलगा दाखल झाला. जन्मजात दोषामुळे त्याची बाह्यत्वचा खाली चिकटून राहतच नव्हती; बहुतेक सारे अंग उघडे पडले होते. त्याच्या कातडीचा चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा इटलीत मॉदेना येथे मिकेले दे लुका यांच्याकडे गेला. तेथे पेशींतील सदोष जनुकाच्या जोडीला निर्दोष जनुक घालण्यात आले आणि सुमारे पाऊण चौरस मीटरहून अधिक कातडी वाढविण्यात आली. ती त्याच्या ऐंशी टक्के अंगावर बसली. २०१७ साली त्याची हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा तो शाळेत जात होता. त्याची कातडी टिकविणाऱ्या होत्या त्या थोड्याशा दीर्घायुषी मूळपेशीच, हेही त्या अभ्यासात दिसून आले. बारांदों आणि ग्रीन यांचा भरलेला दाणा तो हाच.

आता दुसऱ्या जातीच्या युक्त्या. १९९८ साली टेलोमरेझचे जनुक मानवी तंतुपेशींत घालण्यात आले आणि त्या नेहमीची मर्यादा ओलांडून किमान वीस दुपटी पुढे गेल्या. त्यांची गुणसूत्रेही बिघडली नव्हती. वृत्तपत्रांनी यौवनाचा झरा सापडल्याचे मथळे दिले. पण त्याच वर्षी असेही आढळले, की बाह्यत्वचेच्या पेशींना पात्रात तेवढे पुरत नाही. त्यांत पी-१६ नावाचा दुसरा लगाम असतो. टोके लांब असली तरी तो ओढला जातो आणि पेशी थांबते. तोही काढला तर पेशी न थांबता वाढते. पण पी-१६ हरवणे ही अनेक कर्करोगांची ठळक खूण आहे. असल्या पेशी औषधे तपासावयास, रोग समजून घ्यावयास उत्तम. माणसाच्या अंगावर लावावयास कोणी धजणार नाही.

यांच्या मधली वाट शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१० साली दाखविण्यात आले, की एक विशिष्ट रसायन आणि दायापेशी यांच्या सहवासात त्वचापेशी न थांबता वाढतात, आणि रसायन काढून घेतले की आपल्या जुन्या शिस्तीवर येतात. लगाम तोडला नाही, तात्पुरता सैल केला. २०२२ साली इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतील संशोधकांनी मध्यमवयीन माणसांच्या तंतुपेशींवर तेरा दिवस अशा जनुकांचा प्रयोग केला, की जी पूर्ण काळ चालू ठेवली तर पेशी आपले त्वचापणच विसरते. तेरा दिवसांनी थांबविल्यावर पेशी पुन्हा तंतुपेशी झाल्या, आणि काही मोजमापांनी त्या सुमारे तीस वर्षांनी तरुण ठरल्या. आश्चर्य खरे, पण ते पात्रातले. पात्रातील पेशी तीस वर्षांनी तरुण झाली म्हणजे माणूस तीस वर्षांनी तरुण झाला, असे नव्हे. एवढ्यासाठी सांगतो, की ‘त्वचापेशींचे आयुष्य वाढविणारी’ मलमे आणि सुया दुकानांतून विकावयास आलेल्या आहेत. त्या विकणाऱ्याला विचारावे, की आयुष्य वाढले ते कोठे, पात्रात की अंगावर. आणि लगाम सैल केला असेल तर पुन्हा आवळणार कोण?

थोडक्यात, पेशीचे आयुष्य वाढविणे अवघड नाही. ते तर कर्करोगालाही जमते. तिची शिस्त न मोडता ते वाढविणे अवघड आहे. आजवर भाजलेल्या माणसाच्या उपयोगी पडले ते निगेने मिळविलेले आयुष्य, लगाम तोडून मिळविलेले नव्हे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या गावची आहे. पात्रात कातडी वाढावयास तीनेक आठवडे लागतात, खर्च मोठा येतो, आणि मिळते ती पातळ बाह्यत्वचा. खालचा बळकट थर तिच्यात नसतो. भाजलेल्याला तीन आठवडे उघडे ठेवता येत नाही. त्या दिवसांत त्याच्या जखमा झाकावयाच्या कशाने? उत्तर आहे दान केलेल्या कातडीने. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. आपल्यापासून थोड्याच अंतरावर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाचीही कातडी मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घेता येते. काविळीचे विषाणू, एड्स, त्वचेचा कर्करोग वा जंतुदोष यांसारखी बाधा मात्र नसावी. रक्तगट जुळावा लागत नाही. पथक घरी येते, पाठ आणि मांड्या-पोटऱ्यांवरून अगदी वरचा पातळ थर काढते, पट्ट्या बांधते. देह विद्रूप होत नाही, अंत्यविधीत अडथळा येत नाही. ती कातडी ग्लिसरिनात थंड जागी ठेवली की पाच वर्षांपर्यंत चालते.

येथे एक मौज आहे. ग्लिसरिनात ठेवलेल्या या कातडीतील पेशी मेलेल्या असतात. त्यांच्या दुपटींचा हिशेब केव्हाच मिटलेला असतो. त्यांचे आयुष्य कोणीही वाढवू शकत नाही. तरी ती जखमेवर बसली की पाणी थोपविते, जंतू अडविते, वेदना शमविते, आणि दोन-तीन आठवड्यांनी, आपले काम झाले की, गळून पडते. तेवढ्या अवधीत रुग्णाची स्वतःची कातडी अंगावर नाही तर पात्रात वाढावयास वेळ मिळतो. मेलेली कातडी जिवंत कातडीला तीन आठवडे मिळवून देते.

हेन्रिएटा लॅक्स यांना कोणी विचारले नव्हते. आपल्याला विचारले जात आहे, हा मधल्या सत्तर वर्षांतला फरक आहे. घरी गेल्यावर, दिवेलागणीनंतर जेवणे आटोपली की, घरातल्या मंडळींशी या विषयावर दोन शब्द बोलावेत. कारण तो सहा तासांचा अवधी सुरू होईल तेव्हा आपण बोलावयास नसू, आणि निर्णय घरच्यांनाच करावा लागेल. त्यांना आपली इच्छा आधी ठाऊक असली, म्हणजे कोठल्यातरी रुग्णालयात पडलेल्या एखाद्या भाजलेल्या माणसाचे ते तीन आठवडे सुखरूप पार पडतील.